तेर, भोकरदन आणि पाँपेई : एका हस्तिदंती प्रतिमेचे मूळ

इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा उपलब्ध झाली. इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात ती गाडली गेल्याने तिची घडण त्यापूर्वीची ठरते. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. तथापि प्रसाधनपात्रे घेतलेल्या दोन दासी पाहता ती यक्षी मानणे अधिक सयुक्तिक होय. मस्तकातील छिद्रावरून ती आरशाची मूठ वा आसनाचा पाया असावी. इजिप्तमधील रोमन व कॉप्टिक कारागीरही हाडांवर नर्तकी कोरून पेट्यांना जडवीत. तेथेही मूर्ती उपयुक्त वस्तूचाच भाग असे.

तिच्यावरील खरोष्ठी अक्षरामुळे काहींनी तिचे मूळ वायव्य भारतात शोधले. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांचा लेख असल्याने विदिशेचेही नाव पुढे आले. परंतु तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या प्रतिमा तेर व भोकरदन या सातवाहनकालीन नगरांत मिळाल्या आहेत. तेरची प्रतिमा तेथील लामतुरे संग्रहालयात आहे. कराडच्या (करहाकट) दात्यांची नावे दूरच्या भारहुत स्तूपावर कोरली जात, इतका दक्षिणापथाचा संपर्क दूरवर होता. अशा स्थितीत एका अक्षरावरून दख्खनचा दावा फेटाळणे घाईचे ठरते. अक्षर कारागिराचे की व्यापाऱ्याचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.