एसीचे बाहेरचे युनिट कुठे व कसे बसवावे?

बार्शीटाकळी : अकोल्यापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील तालुक्याचे हे ठिकाण हेमाडपंती देवळासाठी ओळखले जाते. वऱ्हाडातील इतर जुन्या गावांप्रमाणे येथेही मातीच्या भिंती, टिनाची छपरे आणि त्यांना लागूनच उभी राहिलेली स्लॅबची घरे असे मिश्र चित्र आहे. या घरांच्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर असणे यात नवल ते काय! अलीकडे मात्र कूलरच्या जोडीला, कधी कूलरच्या जागी, स्प्लिट एसी येऊ लागला आहे. आणि येथेच एक चूक हमखास घडते. कूलर जेथे ठेवला जात होता तेथेच एसीचे बाहेरचे युनिट टांगले जाते.

कूलर आणि एसी यांचे काम परस्परांच्या उलट आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो. एसी घरातील उष्णता उचलून बाहेर फेकतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालत असेल तर ते खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढते. कॉम्प्रेसरने वापरलेली वीज त्यात मिळवली की बाहेरच्या युनिटमधून साधारण पावणेसात किलोवॉट उष्णता बाहेर पडते, म्हणजे दोन किलोवॉटचे तीन गिझर एकाच वेळी चालावेत त्याहूनही अधिक. ही उष्णता वाहून नेण्यास मोकळी हवा मिळाली नाही, तर खोली थंड होत नाहीच. शिवाय यंत्रातील दाब वाढतो, वीज जास्त लागते आणि वायर तापते.

(एसीचा 'टन' हा वजनाचा नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते त्यावरून हे एकक आले. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट.)

उन्हाचा हिशेब

एसीच्या लेबलवर लिहिलेली क्षमता साधारणतः बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरून मोजलेली असते. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत ३५ अंश हे सकाळचे तापमान होय. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत जमावबंदीचे कलम १४४ लागू केले आणि खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलण्यास सांगितले. उष्णतेसाठी हे कलम वापरावे लागावे, यावरून येथील उन्हाळ्याची कल्पना यावी.

हवामान खात्याचे तापमान सावलीत मोजलेले असते. पश्चिमेकडील भिंत किंवा तापलेले टिन यांच्यालगतची हवा त्याहून बरीच गरम असते. म्हणून युनिटसाठी उत्तर किंवा पूर्वेकडील भिंत शोधावी. तशी सोय नसल्यास वर छोटे छप्पर घालता येते. मात्र ते पंख्याच्या तोंडासमोर येऊन गरम हवा परत मागे वळवणारे नसावे. टिनाच्या छपरावर युनिट ठेवणे सर्वस्वी टाळावे. टिन दिवसभर तापते, युनिटच्या कंपनांनी त्याचे खिळे सैल होतात, आणि दुरुस्तीसाठी वर चढणाऱ्याचा पाय पत्र्यातून खाली जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. खरेदी करतानाच 'टी-३' वर्गाचे, म्हणजे ४६ अंश तापमानात चाचणी केलेले यंत्र आहे का, याची विचारणा करावी.

युनिटच्या मागे व बाजूंना किती जागा सोडावी हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेच प्रमाण मानावे. ढोबळमानाने मागे किमान १० ते १५ सेंटिमीटर आणि पंख्याच्या समोर ६० सेंटिमीटर वा त्याहून अधिक मोकळी जागा हवी. चोरीच्या भीतीने युनिटला चहूबाजूंनी बारीक जाळी ठोकण्याची पद्धत दिसते. त्याऐवजी रुंद गाळ्याची जाळी लावावी आणि पंख्याची बाजू मोकळी ठेवावी.

दोन घरांमधील बोळीत शेजाऱ्याच्या कूलरसमोर युनिट लावले, तर त्याची गरम हवा थेट त्या कूलरमध्ये जाते. रात्री गच्चीवर झोपणारी कुटुंबेही येथे अजून पुष्कळ आहेत. युनिटचा झोत आणि आवाज त्यांच्या अंथरुणाकडे जाणार नाही, हे आधी पाहिलेले बरे. पुढची भांडणे टळतात.

भिंत वजन पेलेल काय?

दीड टनाच्या बाहेरच्या युनिटचे वजन साधारण २५ ते ४० किलो असते. ते नुसते टांगलेले वजन नसून सतत थरथरणारे वजन आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोलबाग भागात दुसऱ्या मजल्यावरील युनिट खाली कोसळले आणि इमारतीखाली दुचाकीवर बसलेला अठरा वर्षांचा तरुण मृत्युमुखी पडला. त्याच्यासोबतचा मुलगाही जखमी झाला. रस्त्यावरील कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य देशभर पाहिले गेले. बार्शीटाकळीत उंच इमारती नाहीत हे खरे. पण अरुंद गल्लीवर दहा फुटांवरून पडलेले लोखंडही जीव घेण्यास पुरेसे असते.

मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीवर ब्रॅकेट ठोकूच नये. अशा घरात युनिट जमिनीवर, सिमेंटच्या ओट्यावर बसवावे. नऊ इंची पक्क्या विटांची भिंत योग्य. साडेचार इंची भिंतीवर नुसते फास्टनर ठोकणे धोक्याचे. तेथे बोल्ट भिंतीतून आरपार काढून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी व नट लावावा लागतो. शक्य असेल तेथे कॉलम किंवा बीमचा आधार घ्यावा. लाकडी गुट्टी किंवा प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून युनिट टांगणे हा तर निव्वळ जुगार आहे.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसलेल्या घरांच्या भिंती त्यामुळे तडकतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग असेल, तर त्या भागात ब्रॅकेट बसवू नये. प्लास्टर ठोकून पोकळ आवाज येत असल्यास ते काढून खालची वीट पाहावी. ब्रॅकेट गंज न लागणारे, जस्ताचा किंवा पावडरचा थर दिलेले असावे. युनिटच्या चारही पायांना बोल्ट आणि खाली रबरी पॅड हवेत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी बोल्ट तपासावेत. हे काम पाच मिनिटांचे असून तेच सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

गच्चीवर ठेवायचे असल्यास युनिट फूटभर उंच लोखंडी स्टँडवर आणि स्टँड बोल्टने स्लॅबच्या ओट्याला जखडलेला असावा. चार विटांवर ठेवलेले युनिट मे महिन्यातील वादळी वाऱ्यात सरकते आणि तांब्याची नळी तुटते. बोल्टसाठी छिद्र पाडताना स्लॅबला गळती लागणार नाही, याकरिता वेगळा छोटा ओटा बांधणे उत्तम. कठड्याला चिकटून युनिट ठेवणे मात्र घातक. लहान मुले त्यावर चढतात आणि कठड्याची उंची त्यांच्यासाठी एकदम निम्मी होते. किमान तीन फूट अंतर सोडावे.

कुटार, पऱ्हाटी आणि कापूस

शहरातील पुस्तिकांत न सापडणारी बाब म्हणजे घराच्या मागील वाड्यातील साठवण. भाव मिळेपर्यंत घरात भरून ठेवलेला कापूस, जनावरांसाठीचे कुटार, सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी यांच्याजवळ युनिट बसवू नये. सैल जोडणीतून पडलेली एक ठिणगी पुरेशी आहे. शिवाय कापसाचे तंतू व कुटाराचा भुसा युनिटच्या मागील पत्र्यांत अडकून हवेचा मार्ग बुजवतात. हंगामात दर महिन्याला वीज बंद करून, पाण्याच्या हलक्या धारेने हे पत्रे धुवावेत. उंदीर वायर कुरतडतात, पाली सर्किटवर चढून ते जाळतात आणि वानरांच्या उड्यांनी नळीवरील आच्छादन फाटते. म्हणून नळी व वायर कडक प्लास्टिकच्या पाइपमधून न्यावी.

वीज आणि अर्थिंग

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. महावितरणही दरवर्षी त्याबाबत आवाहन करते. एसीचे बाहेरचे युनिट हीसुद्धा लोखंडी पेटीच आहे, पावसात उभी असलेली. तिला स्वतंत्र वायरिंग हवे. दीड टनाच्या यंत्रासाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर, शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची, आणि १६ ते २० अँपिअरचा एमसीबी असावा. त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दोन्ही वेगळी उपकरणे आहेत. वायरला मधे जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळणे नको. मंजूर विद्युतभार कमी असल्यास महावितरणकडे तो वाढवून घ्यावा. हे काम कायद्यानुसार परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावयाचे असते.

अर्थिंगबाबत पुन्हा काळी मातीच आडवी येते. ओली असताना ती वीज चांगली वाहून नेते; कोरडी पडून भेगाळली की अर्थिंगचा विरोध वाढतो. म्हणजे एसी सर्वाधिक चालतो त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत दुबळे. मीठ-कोळशाचा खड्डा पुरेसा खोल घ्यावा, त्यात दर चार-पाच दिवसांनी पाणी टाकावे आणि उन्हाळ्याच्या तोंडी मीटरने तपासणी करून घ्यावी. अर्थिंग नाही म्हणून अर्थची वायर न्यूट्रलला जोडून देणारे कारागीर भेटतात. न्यूट्रल तुटताच संपूर्ण युनिटच्या पत्र्यात वीज उतरते.

गल्लीतील वीजवाहिन्यांकडेही पाहावे. ११ केव्ही वाहिनी इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर असावी, असा नियम आहे. पण गच्चीवर तांब्याच्या नळीचे वेटोळे उलगडताना किंवा शिडी फिरवताना हे अंतर क्षणात संपते. वाहिनी जवळ असल्यास त्या बाजूला युनिट लावूच नये.

बसविणारा माणूस

दोन मजल्यांवर छज्जा पकडून उभा राहणारा कारागीर हे नेहमीचे दृश्य आहे. त्याच्या कमरेला सुरक्षा पट्टा आणि पट्ट्याचा दोर पक्क्या आधाराला बांधलेला आहे का, हे घरमालकाने विचारणे गैर नाही. खिडकीचे गज हा पक्का आधार नव्हे. युनिट दोरीने उतरविताना खालची वाट बंद करावी. दुपारी बारा ते चार या वेळेत भिंतीवरचे काम घेऊ नये. उन्हाने भोवळ आलेला माणूस पट्ट्याविना क्षणभरही टिकत नाही.

आजच्या बहुतेक एसींमध्ये आर-३२ हा वायू असतो. काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. पहिला सौम्य ज्वलनशील, दुसरा चांगलाच पेट घेणारा. आर-३२ चा दाब जुन्या आर-२२ पेक्षा सुमारे दीडपट असल्याने जुनी नळी, जुने नट व जुनी मापके चालत नाहीत. नळी जोडल्यावर कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन, साबणाच्या फेसाने गळती तपासावी. त्यासाठी वेल्डिंगचा ऑक्सिजन कदापि वापरू नये. कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याचा संयोग झाल्यास स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळीतील हवा व ओलावा काढावा. पंप न आणता थोडा वायू सोडून 'हवा काढली' असे सांगणाऱ्यास तेथेच थांबवावे. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असून गळती झाल्यास खाली साचतात. त्यामुळे बंदिस्त चौक, जिन्याखालची खोबण किंवा चुलीजवळचा कोपरा युनिटसाठी निवडू नये.

घर बदलताना युनिट काढण्याचे कामही याच काळजीने करावे लागते. एक व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवला की नळीतील वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. या वेळी घाईने नळी सोडली किंवा ती कोठे फुटलेली असली, तर कॉम्प्रेसर वायूऐवजी हवा ओढतो. दाबाखाली हवा आणि तेल एकत्र तापून कॉम्प्रेसर बाँबसारखा फुटू शकतो. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, कॉम्प्रेसर थांबवून, वीज तोडल्यानंतरच नट सैल करावेत. कॉम्प्रेसर बिघडलेला असेल, तर वायू वेगळ्या यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. ते यंत्र कारागिराकडे नसल्यास कंपनीच्या सेवा केंद्राला कळवावे.