चाकूची पारख : अहमदनगर जिल्ह्यातील एका बाजारी अवजाराचा इतिहास

अहमदनगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) शेतकऱ्याच्या घरातील लोखंडी वस्तूंची मोजदाद केली, तर त्यांचे दोन वर्ग सहज पडतात. नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपे, विळा, कुऱ्हाड ही पहिल्या वर्गातील अवजारे होत. ती गावच्या लोहाराने घडविली, त्यानेच दुरुस्त केली आणि बोथट झाली तेव्हा त्यानेच पाजळली. दुसऱ्या वर्गातील वस्तू गावात घडत नसत. त्या बाजारातून रोख पैसे देऊन आणाव्या लागत. कुलूप, कात्री, सुई यांच्याबरोबर मिटणारा चाकू हा या दुसऱ्या वर्गात मोडतो. वस्तू क्षुल्लक खरी. पण लोखंडाचा बरेवाईटपणा ठरविण्याचे काम शेतकऱ्याला स्वतः करावयास लावणाऱ्या पहिल्या काही वस्तूंपैकी ती एक आहे, आणि म्हणूनच ती इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घेण्याजोगी आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मराठीत सामान्यतः मुठीत पक्के बसविलेल्या पात्याला सुरी म्हणतात आणि मुठीत मिटणाऱ्या पात्याला चाकू. सुरी हा शब्द संस्कृताच्या वाटेने आलेला. चाकू फारसीतून आलेला. लेखणी तासण्याच्या लहान हत्याराचे ‘कलमतराश’ हे नावही फारसीच. कुलकर्ण्याच्या कलमदानात बोरूबरोबर हे हत्यार असे, कारण बोरूचे टोक तिरपे कापून त्याला चीर पाडल्याशिवाय मोडीचे वळण साधत नसे. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने नष्ट झाली. बोरूची जागा टाकाने त्यापूर्वीच घेतली होती. तात्पर्य, चाकू खेड्यात आला तो शेताच्या बांधावरून नव्हे, तर दप्तराच्या ओटीवरून आला, असे शब्दांवरून तरी दिसते.

लोहाराच्या बलुत्याचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात बलुतेदारांच्या व्यवस्थेचे जे चित्र आहे, ते या भागातील ग्रामजीवनाच्या अभ्यासाला आजही आधारभूत ठरते. सुतार, लोहार, चांभार आणि महार यांची गणना थोरल्या ओळीत होत असे. कुणब्याने लोखंड व कोळसा पुरवावा, लोहाराने मेहनत करावी आणि सुगीला खळ्यावर त्याचे बलुते त्याला मिळावे, असा हा व्यवहार होता. या व्यवहारात ग्राहकाला अवजाराची परीक्षा करावी लागत नसे. खुरप्याची धार पहिल्याच पावसाळ्यात वळली, तर कुणबी ते घेऊन पुन्हा त्याच भात्यापाशी जाई, आणि लोहाराला ते पुन्हा तावावे लागे. अवजाराची हमी अवजारावर नव्हती, घडविणाराच्या घरावर होती. ही व्यवस्था सुखाची होती असे मात्र समजण्याचे कारण नाही. लोहार आळशी निघाला किंवा त्याचा हात वाईट असला, तर गावाला दुसरा लोहार निवडण्याची सोय नव्हती. आणि पीक बुडाले की लोहाराचे बलुतेही बुडे. अवर्षणाच्या या जिल्ह्यात असे प्रसंग थोडे आले नाहीत.

गावच्या लोहाराच्या जोडीला घिसाडी असत. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील ग्रंथात (1920–22) या भटक्या लोहारांची स्वतंत्र नोंद आहे. गाढवांवर किंवा गाड्यावर बिऱ्हाड लादून ते गावाबाहेर उतरत. पुरुष सांडशीत लोखंड धरी आणि बाई घण घाली. पाथर्डी तालुक्यातील मढीच्या कानिफनाथ यात्रेस, जेथे गाढवांचा मोठा बाजार भरतो, अनेक भटक्या जमाती एकत्र येत. घिसाड्याशी व्यवहार रोखीचा किंवा धान्याचा असला, तरी माल डोळ्यांदेखत घडत असे. ग्राहक तापलेल्या लोखंडाचा रंग पाहू शकत होता आणि घाव मोजू शकत होता.

मग लोहार किंवा घिसाडी मिटणारा चाकू का घडवीत नसत? कौशल्य कमी होते म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. ज्याला कुऱ्हाडीच्या तोंडाला तिखे जोडता येते, त्याला बोटभर पाते घडविणे अवघड नाही. अडचण निराळी आहे. मिटणाऱ्या चाकूत दोन पोलादी भाग एकमेकांविरुद्ध काम करतात. एक पाते आणि दुसरी त्याच्या पाठीमागची कमान. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले, म्हणजे ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर या वेळी रंग चढत जातात. 220 ते 230 अंश सेल्सियसच्या सुमारास वाळल्या काडासारखा फिकट पिवळा, 250 च्या पुढे तपकिरी आणि 290 ते 300 च्या सुमारास निळा. पात्याला पिवळ्या–तपकिरी रंगावर थांबवावे, कारण त्याला धार धरावयाची असते. कमानीला निळ्यापर्यंत न्यावे, कारण तिला वाकून परत यावयाचे असते. पाते निळ्यावर गेले तर धार राहत नाही, कमान पिवळ्यावर राहिली तर पहिल्याच थंडीत तडकते. त्यानंतर दोन्ही भाग कानशीने इतके जुळवून बसवावे लागतात की उघडताना आणि मिटताना पात्याचा बुंधा कमानीवर अडखळू नये व डगमगूही नये. हे काम बारीक आहे, वेळ खाणारे आहे, आणि त्याच्या बदल्यात वर्षाचे एखादे पायली धान्यही कोणी वाढवून दिले नसते. इंग्लंडातील शेफील्ड येथे पाते घडविणारा, त्याला साणेवर धरणारा आणि चाकू जुळविणारा असे निरनिराळे कारागीर होते. या श्रमविभागणीमुळेच तेथील चाकू स्वस्त पडत. एका ऐरणीच्या बळावर सबंध गाव सांभाळणाऱ्या लोहाराशी त्याची स्पर्धा होणे शक्यच नव्हते.

दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला आणि नगर शहर मुंबईच्या गोदीशी जोडले गेले. आयात माल जिल्ह्याच्या पेठेत आणि तेथून आठवड्याच्या बाजारात सहज पोचू लागला. यापुढे चाकूचा घडविणारा ग्राहकाला कधीच दिसणार नव्हता. त्याची जागा पात्याच्या बुंध्यावरील छापाने घेतली. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कंपनीचा तारा आणि क्रूस हा छाप हिंदुस्थानात फार प्रसिद्ध होता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो ओळखता येई, आणि नेमके याच कारणास्तव छापाची नक्कल करणे फायद्याचे होते. जर्मनीतील झोलिंगेन येथील हलक्या मालावर शेफील्डचे नाव घातले जाते, अशी तेथील कारखानदारांची ओरड होती. तिच्यातून ब्रिटनमध्ये 1887 चा आणि पाठोपाठ हिंदुस्थानात 1889 चा व्यापारी माल-चिन्हांचा कायदा आला. कायद्याने खोटा छाप गुन्हा ठरविला. पण श्रीगोंद्याच्या किंवा शेवगावच्या बाजारात गोणपाटावर मांडलेल्या मालाची शहानिशा कोणी करावी? ती ग्राहकालाच करावी लागली. छापावर विसंबणारा फसण्याचा संभव होता. चाकूवर विसंबणारा तितका नाही.

चाकूची ही पारख जागच्या जागी करता येण्याजोगी होती, हे तिचे वैशिष्ट्य होय. पाते उघडताना प्रारंभी जड आणि शेवटी एकदम ‘टक्’ असा आवाज करून बसले, म्हणजे कमान जिवंत आहे असे समजावे. आवाज मेलेला असेल तर कमान लोखंडाची आहे, पोलादाची नव्हे. ती वर्षभरात सैल पडणार. उघडे पाते दोन बोटांत धरून आडवे हलविले असता हालता कामा नये. मिटलेला चाकू उजेडाकडे धरला असता पात्याचे टोक मुठीत पुरते दडलेले दिसावे, नाहीतर ते खिसा आणि मांडी दोन्ही फाडते. खिळ्याची डोकी मुठीशी सपाट ठोकलेली असावीत. पात्याची पाठ जाड आणि धारेकडे उतरती असावी. पत्र्यातून कापून काढलेले, सर्वत्र सारख्याच जाडीचे पाते दिसावयास सुबक असते, परंतु ते कापत नाही, चिरडते. नखावर धार हलकेच टेकविली असता ती घसरली तर बोथट, रुतली तर बरी. पोलादाची अंतिम परीक्षा मात्र दुकानात होत नाही. ती निसण्यावर होते. फार मऊ पाते दगडावर पटकन धार घेते आणि कांद्याच्या दुसऱ्या पोत्याला ती टाकून देते.

मुठीचा विचार ग्राहक बहुधा सर्वांत आधी करतो, आणि तेथेच तो अधिक फसतो. शिंगाची मूठ देखणी असते, पण नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती आक्रसते व खिळ्याशी चिरते. लाकडी मूठ हातात बसते. मात्र पावसाळ्यात फुगून पाते आवळून धरते. पितळी अस्तराचा चाकू महाग पडला तरी टिकतो, कारण लोखंडी अस्तर आतून गंजते आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. नक्षीची मूठ आणि दोन–तीन पाती एकाच चाकूत मागणे हे खेड्यातील ग्राहकाच्या दृष्टीने पैसा वाया घालविणेच होते. जितकी पाती अधिक तितक्या कमानी बारीक, आणि मोडण्याच्या जागा जास्त. युरोपातही शेतकऱ्याने हाच निर्णय दिलेला दिसतो. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने 1890 च्या सुमारास बनविलेल्या चाकूत एक पाते आणि एक लाकडी मूठ एवढेच होते, पाठची कमानही नव्हती. पाते उघडे अडकवून ठेवणारी फिरती कडी त्याला 1955 मध्ये जोडली गेली. स्वित्झर्लंडच्या अनेक पात्यांच्या चाकूची कीर्ती मोठी, पण तो मुळात 1891 मध्ये सैनिकांसाठी आला आणि बंदूक उघडण्याचे काम त्याच्याकडे होते.

बंगालच्या फाळणीनंतर 1905 पासून पसरलेल्या स्वदेशीच्या चळवळीने या पारखीत एक नवा प्रश्न घातला. पंजाबातील वजिराबाद व निजामाबाद, बंगालमध्ये बर्धमानजवळचे कांचननगर या गावांचे चाकू देशी माल म्हणून पुढे आले. देशी चाकू घेणे हे कर्तव्य ठरले. पण कर्तव्याने कमान सुधारत नाही. त्या काळच्या देशी मालात पाते पुष्कळदा चांगले आणि जुळणी कच्ची असे, कारण पाते हे जुन्या लोहारविद्येचे फळ होते आणि जुळणी ही कारखान्याची विद्या होती. देशप्रेमी ग्राहकाने दोष पाहूनही तो चाकू घेतला, यात त्याचे अज्ञान नव्हते.

जिल्ह्याच्या उत्तर भागात चाकूला खरे काम मिळाले ते पाटाच्या पाण्यामुळे. दारणेचे पाणी गोदावरी कालव्यांतून कोपरगावकडे आले आणि 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांना मिळाले. उसाबरोबर मोसंबीच्या बागा वाढल्या. मोसंबीचे रोप जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. सालीला टी अक्षराच्या आकाराचा छेद द्यावयाचा, साल अलगद उचलावयाची आणि काडीवरून काढलेला डोळा आत सरकवावयाचा. सालीखालचा जिवंत थर चिरडला गेला की डोळा सुकतो, आणि रोपवाटिकेचे सारे वर्ष वाया जाते. येथे चाकूची धार ही सोयीची गोष्ट राहत नाही, उत्पन्नाची होते. म्हणून डोळे भरणाऱ्याचा चाकू लहान, सरळ पात्याचा, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलण्यासाठी हाडाची किंवा पितळेची बोथट पट्टी असलेला असतो. लिंबूवर्गीय रसाने साधे पोलाद तासाभरात काळवंडते. शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली याने 1913 मध्ये न गंजणारे पोलाद काढले. पण स्वस्तातल्या अशा चाकवाला धार मुश्किलीने चढते. सबब, कामानंतर पाते पुसून खोबरेल लावणे पत्करून जुन्या पोलादाचा चाकू घेणे रास्त ठरते. राहुरी येथे 1968 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलमांचे शिक्षण पद्धतशीर झाले. हाताला लागणारे हत्यार मात्र तेच राहिले. त्याच पट्ट्यात 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि ऊसतोडीच्या कोयत्याने लोहाराच्या भट्टीला पुन्हा काम दिले. कोयता लोहाराचा आणि चाकू दुकानाचा ही विभागणी त्यामुळे अधिकच पक्की झाली.

खिशात चाकू असणे हे सरकारच्या नजरेस केव्हा खुपते, याचाही निवडीवर परिणाम होतो. 1959 चा शस्त्र अधिनियम 1962 मध्ये अमलात आला. त्याखालील 1962 च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत केली. घरगुती व शेतीच्या कामाची पाती त्यातून वगळली. शिवाय 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे बंदीचा हुकूम निघाला, की सुरे बाळगण्यासही मनाई होऊ शके. रामपूरच्या लांब, अडकणाऱ्या पात्याच्या चाकूला हिंदी चित्रपटांनी जी कुप्रसिद्धी दिली, तिचा भुर्दंड साध्या चाकूलाही बसला. मेंढरांचे खूर तासणाऱ्या धनगराला किंवा डोळे भरणाऱ्या माळ्याला तीन–साडेतीन इंची पाते पुरते. कामाच्या दृष्टीने योग्य माप आणि कायद्याच्या दृष्टीने निर्धोक माप येथे एकच निघते, हा योगायोग ग्राहकाच्या सोयीचा आहे.

2001 च्या एप्रिलमध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी स्वस्त चाकूंची रेलचेल झाली. त्यांची पाती चकचकीत, मुठी प्लास्टिकच्या आणि छाप अनोळखी असत. 1889 मध्ये ग्राहकापुढे जो प्रश्न होता, तोच पुन्हा उभा राहिला, आणि उत्तरही पूर्वीचेच होते. आवाज ऐकावा, पाते हलवून पाहावे, टोक उजेडाकडे धरावे. चाकू काही वर्षे वापरला, की त्याचा खिळा झिजून पाते डुलू लागते. तेव्हा तो ज्या दुकानातून घेतला तेथे नेऊन उपयोग नसतो. तो लोहाराकडे किंवा गावाबाहेर उतरलेल्या घिसाड्याकडे न्यावा लागतो. तो ऐरणीच्या कडेवर खिळ्याचे डोके टेकवून हातोडीचे दोन हलके ठोके देतो, पाते एकदा उघडून मिटून पाहतो, आणि पैसे रोख घेतो.