बंद वाटीतला नाद: क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या पारखीचा इतिहास

हेडफोनमधील पडदा कंप पावतो तेव्हा तो कानाच्या दिशेने जेवढा आवाज पाठवतो, जवळपास तेवढाच पाठीमागेही फेकतो. हा मागचा आवाज जाळीतून बाहेर जाऊ द्यायचा की वाटीसारख्या कपात कोंडून ठेवायचा, यावरून हेडफोनची दोन घराणी पडली आहेत. कोंडून ठेवणाऱ्या घराण्याला क्लोज्ड-बॅक, म्हणजे बंद पाठीचे हेडफोन, असे म्हणतात. त्यात बाहेरचा गोंगाट आत फारसा शिरत नाही आणि आतला आवाज शेजाऱ्याला फारसा ऐकू जात नाही, पण कोंडलेला आवाज कपाच्या भिंतींवर आदळून पुन्हा पडद्यावर येतो आणि मूळ स्वरात स्वतःचा रंग मिसळतो. त्यामुळे असा हेडफोन कितपत खरा वाजतो, हा प्रश्न त्याला सुरुवातीपासूनच चिकटलेला आहे. मात्र त्या खरेपणाची कसोटी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि ती बदलण्यामागे संगीताच्या आवडीइतकीच नौदल, कानाचे दवाखाने आणि मोजमापाची यंत्रे यांचीही कारणे होती.

अमेरिकेतील युटा राज्यातील नॅथॅनियल बाल्डविन याने १९१० मध्ये घरच्या स्वयंपाकघरात बनवलेली कर्णफोनांची जोडी अमेरिकी नौदलाकडे पाठवली. तोवर बिनतारी संदेश ऐकणारे कर्मचारी वापरत असलेले टेलिफोनचे रिसीव्हर या नव्या जोडीपुढे मंद ठरले, आणि नौदलाने तिची मागणी नोंदवली. बाल्डविनच्या रचनेत पातळ अभ्रकाचा पडदा चुंबकीय क्षेत्रात तोलून धरलेल्या एका लहान लोखंडी पट्टीला जोडलेला होता, त्यामुळे अगदी क्षीण विद्युतप्रवाहालाही तो हलत असे. या हेडफोनची पारख करणाऱ्याला स्वराचा पोत, खर्जाची खोली, वाद्यांचे अंतर यांच्याशी काहीही देणेघेणे नव्हते. समुद्रावरच्या खरखरीतून दूरच्या जहाजाच्या संदेशातले टिंब आणि रेघ वेगळे ऐकू आले की काम झाले. कान झाकणारी वाटी येथे आली ती केवळ आजूबाजूचा गोंधळ अडवण्यासाठी, आणि तिच्यामुळे आवाजाला येणारा रंग कोणी मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

मोजण्याची गरज पुढे निराळ्याच क्षेत्रातून आली. बर्लिनमध्ये ऑयगेन बायर याच्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा हेडफोन बाजारात आणला. त्यात बाल्डविनच्या लोखंडी पट्टीऐवजी पडद्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत हलत असे, आणि ही डायनॅमिक रचना आजही बहुसंख्य हेडफोनमध्ये टिकून आहे. डीटी ४८ चे उत्पादन एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिले याचे एक मोठे कारण श्रवणचिकित्सा हे होते. रुग्णाला किती मंद आवाज ऐकू येतो हे ठरवायचे तर हेडफोन आज जेवढा दाब निर्माण करतो तेवढाच उद्याही केला पाहिजे, आणि तो दाब पडताळून पाहण्यासाठी ठरावीक आकाराच्या पोकळीत मायक्रोफोन बसवलेला कृत्रिम कान वापरला जाऊ लागला. श्रवणमापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ज्या मोजक्या हेडफोनांसाठी संदर्भमूल्ये नावानिशी दिली गेली, त्यांत डीटी ४८ होता. येथे खरेपणा म्हणजे गोडवा नव्हे, तर पुनरावृत्ती होती, आणि ती व्याख्या काहीशी रूक्ष असली तरी पुढच्या सगळ्या पारखीचा पाया तिनेच घातला.

संगीताचा प्रवेश १९५८ मध्ये झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. मिलवॉकी येथील जॉन कॉस याने त्या वर्षी एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन लोकांसमोर मांडला. तो एका घरगुती रेकॉर्ड प्लेअरची जोडवस्तू म्हणून आणला होता, पण ऐकणाऱ्यांचे लक्ष प्लेअरवरून उडून हेडफोनवरच खिळले. कानाभोवती घट्ट बसणाऱ्या बंद वाट्यांमुळे त्यातून खर्ज भरघोस ऐकू येत असे, आणि त्याचे रहस्य वाटीच्या झाकणापेक्षा कानाभोवतीच्या गादीत, म्हणजे इअरपॅडमध्ये, अधिक होते. पडदा, गादी आणि डोके यांच्यामध्ये हवेची जी लहानशी खोली तयार होते ती हवाबंद असेल तरच खालच्या वारंवारतेचा दाब टिकतो. चष्म्याची काडी किंवा केसांची बट गादीखाली आली की तो दाब फटीतून निसटतो. तबल्याची ध्वनिमुद्रिका ऐकताना याचा पडताळा सहज येतो, कारण फट राहिली तर चाटीचा कडक बोल जसाच्या तसा राहतो, पण डग्ग्याची घसीट पोकळ होऊन विरते. एकाच हेडफोनबद्दल दोन जाणकार परस्परविरुद्ध मत देतात, तेव्हा पुष्कळदा मतभेद रुचीचा नसतो, डोक्याच्या आकाराचा असतो.

बंद वाटीवरचा सर्वांत प्रभावी आक्षेप १९६८ मध्ये एका स्पर्धक वस्तूच्या रूपाने आला. सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ४१४ हा पाठ उघडी असलेला हलका हेडफोन पिवळ्या फोमच्या गाद्यांसह बाजारात आला आणि प्रचंड खपला. त्याच्या मोकळ्या आवाजाने बंद वाटीतला दोष उघड केला. वाटीची आतली रुंदी पाच सेंटिमीटर धरली, तर तिच्यात जो स्वर स्वतःहून घुमू लागतो त्याची वारंवारता ३,४०० हर्ट्झच्या आसपास येते, आणि माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. तानपुऱ्याच्या जवारीत एखादाच स्वरांश उगाच पुढे येऊन टोचत असेल, तर दोष तानपुऱ्याचा नसून वाटीचा असण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर बंद हेडफोनमध्ये लोकर, फोम आणि बारीक छिद्रे यांनी हा घुमारा मारण्याची जी खटपट सुरू झाली ती अजून संपलेली नाही.

तरीही स्टुडिओने बंद वाटी सोडली नाही, कारण गायकाच्या कानातली साथ त्याच्या मायक्रोफोनमध्ये झिरपली तर मुद्रणच वाया जाते. सोनीने १९८५ मध्ये एमडीआर-व्ही६, १९८९ मध्ये जपानी स्टुडिओंसाठी एमडीआर-सीडी९००एसटी आणि १९९१ मध्ये एमडीआर-७५०६ काढला. ४० मिलिमीटरच्या पडद्याचा हा शेवटचा हेडफोन ध्वनिमुद्रकांच्या हाती दशकानुदशके राहिला. त्याचा आवाज किंचित चिरका आहे ही तक्रार जुनीच आहे, पण श्वासाचा आवाज, तारेवरून सरकलेले बोट, जोडणीतला खटका हे दोष तो दडवत नाही, आणि ध्वनिमुद्रकाला सौंदर्यापेक्षा साक्ष हवी असते.

याच काळात साक्ष कशाशी ताडून पाहायची हा वाद शास्त्रज्ञांत रंगला. समोरून येणारा आवाज कानाच्या पाळीतून आणि नळीतून जाताना ३,००० हर्ट्झच्या सुमारास दहा डेसिबलहून अधिक वाढतो. हेडफोनमुळे ही वाट बदलते, म्हणून कानाच्या पडद्यापाशी सपाट मोजला जाणारा हेडफोन ऐकायला मेलेला वाटतो. म्युनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेतील ग्युंटर टायले याने १९८० च्या दशकात असे मांडले की सर्व दिशांनी सारखा येणारा आवाज, ज्याला डिफ्यूज फील्ड म्हणतात, तो कानात जसा बदलतो त्यानुसार स्टुडिओचे हेडफोन जुळवावेत. हा विचार आंतरराष्ट्रीय शिफारशीतही शिरला, पण अनेक श्रोत्यांना तो आवाज पातळ आणि झगझगीत वाटत राहिला. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ च्या सुमारास हरमन कंपनीत वेगळी वाट धरली: अनेक हेडफोनांचे आवाज एकाच हेडफोनमधून उभे करून, वस्तूचे नाव, वजन आणि किंमत लपवून, लोकांना कौल मागितला. चांगल्या स्पीकरांनी खोलीत जो आवाज होतो, त्याच्या जवळचा आणि खर्जाला थोडा उठाव दिलेला आवाज बहुतेकांनी पसंत केला. येरून ब्रेबार्ट याने २०१७ मध्ये अडीचशेहून अधिक हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा किंमत आणि वारंवारतेचा आलेख यांत संबंध सापडला नाही. दुकानदारांना हा निष्कर्ष फारसा रुचण्यासारखा नव्हता.

पारखीचा दुसरा अर्थ, म्हणजे वस्तू अस्सल की नकली, हा नामांकित हेडफोनांच्या खपाबरोबर आला. नकलाकार बाहेरचे कवच, डोक्यावरच्या पट्टीवरची अक्षरे आणि खोका हुबेहूब उतरवतात. न उतरणारी गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्या पडद्यांची जुळणी. दोन्ही बाजूंना तोच आवाज एकत्र सोडला, की नीट जुळलेल्या जोडीत गाणारा डोक्याच्या मधोमध उभा राहतो, आणि नकलेत तो स्वर बदलेल तसा इकडेतिकडे सरकतो. हीदेखील निर्णायक खूण नव्हे, कारण अस्सल एमडीआर-७५०६ च्या गाद्यांचे कृत्रिम कातडे काही वर्षांत सोलवटते, आणि त्या जागी दुसऱ्या कोणाच्या जाड गाद्या बसवल्या की पडदा कानापासून दूर जातो, हवेची खोली वाढते आणि आवाजाचा आलेख अनेक डेसिबलने हलतो. अनुक्रमांक, पट्टी आणि आतले पडदे सगळे कारखान्यातलेच असलेला असा हेडफोन कृत्रिम कानावर ठेवला, तर त्याचा आलेख मूळ आलेखाशी जुळत नाही.