आठ वाजले की नेट का अडतं?

सेवाग्राम आश्रमात गेलात तर तिथला जुना टेलिफोन नक्की पाहा. व्हाइसरॉयला गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून ब्रिटिश सरकारनं ती लाइन टाकून दिली होती. एका ठिकाणासाठी एक वायर. आपल्याकडे केबलवाल्याचं इंटरनेट आलं ते बरोब्बर उलट, एका वायरवर अख्खा मोहल्ला.

२०१४ ची गारपीट आठवते? झोपलेल्या गव्हाचे फोटो घेऊन मी संध्याकाळी घरी आलो. नागपूरला पाठवायला बसलो तर नेट मेलेलं. बातमी गेली, फोटो राहिले. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊ, आठ वाजता सगळ्यायचंच असं होते. राती बारानंतर पहा, कसं पयते ते!" तेव्हा लई राग आला. पण तो खोटं बोलत नव्हता.

टीव्हीच्या केबलचे ॲम्प्लिफायर सिग्नल फक्त घराकडे ढकलायचे, घरातून परत काही जायची सोयच नव्हती. परदेशात त्यासाठी १९९७ मध्ये 'डॉक्सिस' नावाचं मानक आलं. १९९९ च्या सुधारणेत कोणता डेटा आधी सोडायचा हेही ठरवता येऊ लागलं, म्हणजे फोनचा आवाज आधी, डाउनलोड मागून. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या केबलवाल्यांनी स्वस्तातला मार्ग धरला. गच्चीवरून गच्चीवर नेटवर्कची वायर, खांबावर डब्यात स्विच (वीज कडाडली की तो जळणार हे ठरलेलं), आणि ऑफिसात एक राउटर. तो राउटर प्रत्येकाला वरची मर्यादा लावतो. अमुक एमबीपीएसच्या वर जाऊ देत नाही. पण कमीत कमी इतकं मिळेलच, हे त्याच्या हातात नसतं. मागून पाणीच कमी असेल तर तो तरी काय करणार?

उन्हाळ्यातला नळ आठवा. टाकी एकच, शेवटच्या घराला करंगळीएवढी धार, आणि मधल्या कोणी टुल्लू पंप लावला की तीही बंद. तेव्हा दिवसरात्र सिनेमे उतरवणारी पोरं म्हणजे आपल्या लाइनवरचे टुल्लूवालेच.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस ठरलं. २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ट्रायनं २००६ मध्येच नियम केला की गर्दीच्या वेळीही लाइन ८० टक्क्यांच्या वर भरलेली नको. २००९ मध्ये वाटेकऱ्यांचाही हिशेब आला. घरगुती जोडणीसाठी एकास पन्नास, धंद्यासाठी एकास तीस. कंपन्यांनी तो आकडा दर तिमाहीला जाहीर करावा, असंही सांगितलं. आता तुम्हीच हिशेब करा. ५१२ ची जोडणी, पन्नासही जण एकदम बसले तर वाट्याला येतात जेमतेम १० केबीपीएस. आणि हे त्या एकास पन्नासच्या हिशेबात बसायचं!

माझ्या मते खोट इथे आहे. नियम कागदावर चांगले होते, पण आमच्या पावतीवर फक्त 'अमुक एमबीपीएसपर्यंत' छापलेलं असायचं. त्या 'पर्यंत'मागे किती घरं उभी आहेत, हे कधीच नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांची शाळा, मास्तरांचे वर्ग आणि बापाचं ऑफिस एकाच वेळी त्या वायरवर आलं, तेव्हा हे सगळ्यांना कळलं.

आता फायबर आलं, वाटेकरी संपले, असं बरेच जण समजतात. तसं नाही. घराघरात येणारं फायबर बहुतेक ठिकाणी 'जीपॉन' पद्धतीचं आहे. एका धाग्यावर सुमारे अडीच जीबीपीएस, आणि तो स्प्लिटरनं ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. वाटा मोठा झाला, वाटणी गेली नाही.

परवा आमच्या केबलवाल्याला विचारलं, माझ्या धाग्यावर किती घरं? म्हणाला, चौसष्ट. मग विचारलं, नागपूरहून तुम्ही एकूण किती बँडविड्थ घेता आणि ग्राहक किती? "पाहून सांगतो भाऊ," म्हणाला. सांगितलं की इथंच लिहितो.