धार तुटते कशी?

नळ अगदी थोडासा उघडा ठेवून कधी बघितलंय का? वर काचेच्या कांडीसारखी अखंड धार, खाली नुसते थेंब. मध्ये कुठेतरी ती तुटते. का तुटते, हा प्रश्न पोरखेळाचा वाटेल. पण त्याचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे आणि तो थेट अणुभट्टीच्या तळाशी जाऊन पोचतो. मी मराठी माध्यमातला बी.ए., आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. त्यामुळे समीकरणं सोडून सांगतो.

फ्रान्सच्या फेलिक्स सावार यांनी १८३३ मध्ये या धारेचा बारकाईने अभ्यास केला. पुढे बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो. त्यांची दृष्टी गेली होती, तरी इतरांच्या डोळ्यांनी प्रयोग चालू ठेवले! १८७३ च्या त्यांच्या ग्रंथात नियम आला: धारेवरची लाट धारेच्या परिघाहून लांब असली की ती वाढतच जाते आणि धार तुटते. १८७८ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी त्याचं गणित मांडलं. सगळ्यात वेगाने वाढणारी लाट व्यासाच्या साधारण साडेचार पट लांब असते.

आता अणुभट्टी. ती बंद केली तरी इंधन तापतच राहतं, आणि थंड करणारं पाणी थांबलं की ते वितळू लागतं. युरेनियम ऑक्साइड सुमारे २८०० अंश सेल्सिअसला वितळतं. हा रस धारेने खालच्या पाण्यात पडला तर काय होईल? धार तुटलीच नाही, तर रस तळाशी ढिगाने साचून तळच वितळवील. बारीक थेंब झाले तर ते लवकर निवतील, हे चांगलं. पण सगळे थेंब एकदम पाण्याला भिडले तर क्षणात वाफ होऊन स्फोट होईल! दोन्हीकडून पंचाईत. त्यात थेंबाभोवती वाफेचं पातळ आवरण असतं. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा नाचतो ना, त्याच्यासारखंच, फक्त उलटं.

ही भीती कागदावरची नव्हती. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ रोजी भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला. त्यातला वीसेक टन रस भांड्याच्या तळाशी उतरला होता. तिथे पाणी होतं, भांडं टिकलं. रस तळापर्यंत गेला होता हे कळलं मात्र १९८५ मध्ये, आत कॅमेरा सोडल्यावर. १९८६ मध्ये चेर्नोबिलला भट्टीखालच्या कुंडात पाणी होतं. रस त्यात पडला तर मोठा स्फोट होईल असं तज्ज्ञांना वाटलं, म्हणून तिघेजण खाली पाण्यात उतरले आणि त्यांनी झडपा उघडल्या. तेव्हा वर्तवलेले स्फोटाचे काही आकडे आज कुणी मानत नाही. पण त्या तिघांना कोण सांगणार होतं?

खरी भट्टी वितळवून बघता येत नाही. म्हणून इटलीत इस्प्रा इथे १९९० च्या दशकात युरेनियम ऑक्साइडचा शंभर-दीडशे किलो रस पाण्यात ओतून पाहिला गेला. तिथल्याच छोट्या प्रयोगांत गंमत अशी झाली की ॲल्युमिनियम ऑक्साइडचा रस जोरात फुटला, युरेनियमचा मात्र बहुधा शांत राहिला. नुसत्या तर्काने हे कुणी सांगितलं असतं का?

प्रयोग मोजकेच, म्हणून बाकीचं संगणकावर. लॉस अलामॉसला हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये एक रीत काढली आणि हर्ट व निकोल्स यांनी १९८१ मध्ये दुसरी, आजही वापरात असलेली. आलेख कागद डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक घरात रस किती भाग आहे, शून्य ते एक, एवढंच लिहायचं. मग क्षणाक्षणाला, घराघराचा हिशेब. मेख अशी की थेंब घरापेक्षा लहान झाला की तो हिशेबातून निसटतो. घरं बारीक करावीत, तर संगणक थकतो.

इथे आपला संबंध येतो. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला महासंगणक दिला तो हवामानासाठी आणि अटी घालून. कारण हेच, की त्यावर अणूची गणितं होतील. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आमच्या कारंज्याला लागूनच तो तालुका! (आमचा वाशीम जिल्हासुद्धा १९९८ पर्यंत अकोल्यातच होता, तेव्हा हक्क सांगायला हरकत नाही.) ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही त्याच सुमारास 'अनुपम' हा स्वतःचा समांतर संगणक बांधला. नकार मिळाला नसता तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

ही गणितं आपल्याला परकी नाहीत. तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या. जपानच्या फुकुशिमाची पहिली भट्टीही त्याच कंपनीची, त्याच जातीची. मार्च २०११ मध्ये तिथल्या तीन भट्ट्या वितळल्या. आत अंदाजे ८८० टन गोठलेला रस आहे. त्यातला पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर काढता आला. एक ग्रॅमसुद्धा नाही, पाऊण ग्रॅमच्याही आत. तेरा वर्षांनी एवढंच हाती आलं. त्या दिवशी धार कुठे तुटली आणि किती रस तळाला गेला, हे शोधण्यासाठी बराचसा भरवसा अजून त्या चौकटीच्या कागदावरच ठेवावा लागतोय.