डहाणू-तलासरीचे सागवन

आपल्या डोंगरांतील साग आपण नित्य पाहतो. परंतु त्याची हकीकत केवळ लाकडाची नव्हे, रानात राबणाऱ्या हातांचीही आहे.

१८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग डहाणूवरून सुरू झाला आणि येथील लाकडास मुंबईची पेठ जवळ झाली. १८७८ च्या वनकायद्याने रानांवर सरकारी निर्बंध आले. भाताच्या राबासाठी फांद्या तोडण्यावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की, १८८५ मध्ये सरकारला चौकशीमंडळ नेमावे लागले.

रान तोडणाऱ्या वारल्याच्या वाट्याला मात्र वेठच होती. २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी हजारो वारली जमले व त्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होत्या. पुढच्याच वर्षी जंगलतोडीच्या कामास रोजी सव्वा रुपया मिळावा म्हणून संप झाला.

१९७४ साली राज्याचे वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र रानाच्या जागी साग लावण्यास जोर आला. सागाचे काम मोठे हिशेबी. पावसाच्या तोंडी लावणी, पहिली काही वर्षे बेणणी, उन्हाळ्यात वणव्यापासून राखण आणि पुढे वेळोवेळी विरळणी. विरळणीतले वासे हे पहिले उत्पन्न. भरदार सोटासाठी दोन पिढ्या थांबावे लागते. तोवर घर चालावे कशावर? मोहाची फुले, टेंभुर्णीची पाने, चारा व सरपण यांवर. नुसता साग लावला की हे सारे आटते आणि बाईची टोपली रिकामी राहते. म्हणून सागाबरोबर मोह, ऐन, बांबूही हवेत.

लाभ कोणाचा, हा प्रश्न उरतोच. व्यापाऱ्याने आदिवासी खातेदाराची झाडे कवडीमोलाने नेऊ नयेत म्हणून १९६९ साली राज्याने कायदा केला व अशी विक्री सरकारी देखरेखीखाली आणली. २००६ च्या वनहक्क कायद्याने रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. वनजमिनीच्या पट्ट्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव घालण्याची तरतूद केली. वनहक्क समितीत एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या आहेत.

भगिनींनो, लावणी व बेणणी आपल्याच हातची. मग पट्ट्यावर आपले नाव आहे की नाही हे पाहणे आणि ग्रामसभेत विरळणीचा हिशेब विचारणे, हेही आपलेच काम नव्हे काय? लावणाऱ्या हाताला वाटा मिळाला, तरच रान वाढते आणि टिकते.