भंगारात जाणारा आपला इतिहास



भंगारवाल्याची हाळी आली की माळ्यावरचा पितळी स्टोव्ह आधी खाली येतो. पितळेला भाव मिळतो. पण त्या तराजूवर फक्त पितळ मोजलं जातं, बाईचे कष्ट नाहीत. म्हणून आमच्या गटानं गावातल्या अशा जुन्या वस्तू जपायला घेतल्या आहेत.

हवा भरायचा स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी तयार केला. त्याचं नाव प्रायमस. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. दाबानं वर चढलेल्या रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत लागते. चुलीच्या धुरापासून बाईच्या डोळ्यांना आराम मिळाला.

पण याच स्टोव्हची कडू आठवणही आहे. हुंड्यासाठी सून जाळायची आणि ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं सांगायचं, हे कित्येक घरांत घडलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ कलम आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम. स्टोव्ह जपायचा तर ही आठवणही जपायला हवी.

शिलाई मशीनचं तसंच. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांना त्यांच्या मशीनचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं. पाच वर्षांनी त्यांच्या कंपनीनं मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. हप्ता म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! पुढे आपल्याकडे कलकत्त्याची ‘उषा’ मशीन घरोघरी गेली. कितीतरी बायांनी पायानं मशीन मारत पोरं शिकवली.

या वस्तू जपून काय मिळणार, असं कुणी विचारतं. पुण्याच्या दिनकर केळकरांनाही लोक विचारत असतील. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाला सोपवला. आज त्या संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. कालचा अडकित्ता जिथे होता, तिथे आज आपला स्टोव्ह आहे.

जपायची रीत सोपी आहे. स्टोव्हमधलं रॉकेल काढून टाकी रिकामी करायची, पंपाची हवा सोडायची. पंपाचं कातडी वायसर वाळलं असेल तर तेलात भिजत ठेवायचं, ते मऊ होतं. पितळ चिंचेनं रोज घासायचं नाही, कोरलेलं नाव झिजतं. मशीनच्या दात्यांतले धागे ब्रशनं काढायचे आणि मशीनचंच तेल घालायचं. खायचं तेल पुढे चिकट होतं. वस्तू प्लास्टिकमध्ये बांधायची नाही, आत दमट हवा कोंडून गंज चढतो. सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवायची. जुना स्टोव्ह हौसेनं पेटवायचा मात्र नाही.

शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. ही कुणाची, कुठल्या पैशानं घेतली, हिच्यावर काय शिजलं, काय शिवलं, कुणी दुरुस्त केली, ते सारं त्यावर लिहायचं. म्हाताऱ्या आयांना आत्ताच विचारा. त्या गेल्या की वस्तू मुकी होते.

सातबाऱ्यावर आपल्या आज्यांची नावं क्वचितच सापडतील. पण एखाद्या स्टोव्हच्या टाकीवर, एखाद्या हंड्यावर ती कोरलेली आहेत. तेवढी तरी तराजूत टाकू नका. पुढच्या बैठकीला येताना घरातली एक जुनी वस्तू आणि तिची गोष्ट घेऊन या.